अँबेसिडरचं स्टेरिंग खुळखुळते: अख्खा कॉलम बदलू का नुसते बुश?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)
राम राम राजेहो. बऱ्याच वर्षांपासून इथं नुसता वाचत असतो, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी आबाजींची (वडिलांचे वडील) अँबेसिडर आहे, मार्क टू, कागदावर १९६९ ची. आबाजींनी एका जिनिंगवाल्याकडून सेकंडहँड घेतली होती. २००६ पासून कापसाच्या खोलीत उभी, वरून ताडपत्री आणि आतून उंदरं. मागच्या दिवाळीनंतर मी हात घातला. इंजन खोललं, रिंगा-बेअरिंग झाले, ब्रेकचे सिलिंडर झाले, वायरिंग बरीचशी नवीन ओढली, गाडी चालू झाली. पण स्टेरिंगनं जीव खाल्ला.

चाक हातात धरून वर-खाली केलं की बोटभर हलते, कटकट आवाज येते. सरळ रस्त्यावर डावी-उजवी चार बोटं फिरवा, गाडीला खबरच नाही. शेताच्या रस्त्यानं नेली तर हातात लहान पोराचा खुळखुळा धरल्यासारखं वाटते. त्यात हँड गियर (स्टेरिंगच्या पाइपावरचा), पहिला कधी लागते कधी नाही, परवा फाट्यावर अडकला तर मागं दोन ऊस-रसाच्या गाड्या आणि एक मेटॅडोर, सगळे हॉर्न मारून राहिले.

एक मिस्त्री म्हणते अख्खा कॉलमच (चाकाखालची दांडी आणि तिचा पाइप) बदला. कलकत्त्याच्या मल्लिक बाजारातल्या एकानं फोनवर जुना निघालेला कॉलम, रॉड-पाइप-गियरच्या दांडीसकट, साडेसहा हजार अधिक ट्रान्सपोर्ट सांगितला. दुसरा मिस्त्री म्हणते खाली जोडावर वेल्डिंगचा एक टाका मारून देतो, पाच मिनिटांचं काम. पोळ्याच्या आत गाडी काढायची आहे. आबाजी होते तेव्हा पोळ्याला गाडी धुऊन हार घालून मारुतीच्या देवळापर्यंत जायची, आईच्या डोक्यात तेच बसलं आहे. काय करू सांगा.

तर्री_पोहे
टाका मारणाऱ्या मिस्त्रीचं गॅरेज कोणत्या रस्त्यावर आहे ते सांगा, मी दुसऱ्या रस्त्यानं जाईन.

चार_आणे_कम
बोटभर म्हणजे कोणतं बोट? करंगळी का अंगठा? निदान नीट व्हायला पायजे ना भाऊ.

गियरतेल_९०
माझ्या मते स्टेरिंग बॉक्समधलं तेल संपलं असेल. आधी ९० नंबर तेल भरून बघा, आमच्या टाटा ४०७ ट्रकला तेवढ्यानंच फरक पडला होता.

लेथवाला_मुर्तिजापूर
@गियरतेल_९० अहो अँबेसिडरला बॉक्स कुठी आहे? ती मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली गाडी, १९५८ पासून तिला रॅक अँड पिनियनच आहे (दांडीच्या टोकाला छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते जी दातेरी पट्टी सरकवते ती रॅक). पुढच्या पोट्ट्यांना वाटते रॅक मारुतीनं आणला. तेल भराल तर कुठं भराल, रेडिएटरमध्ये?

आता पऱ्हाटीवाले भाऊ, तुम्ही तीन वेगवेगळे रोग एका चिठ्ठीत लिहिले म्हणून मिस्त्री अख्खा कॉलम विकून राहिला. चाक वर-खाली हलते हा एक रोग, फिरवूनही गाडीला खबर नाही हा दुसरा, आणि गियर लागत नाही हा तिसरा. तिन्ही एकाच पाइपाजवळ दिसतात म्हणून एकच वाटतात.

एक पैसा खर्च करायच्या आधी हे करा. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच राहू द्या, जॅक नको. घरचं एक पोट्टं ड्रायव्हर सीटवर बसवा आणि त्याला सांगा की स्टेरिंगचं चाक हळूहळू डावी-उजवी हलव, जेवढी ढिल आहे तेवढंच, जास्त नाही. तुम्ही बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली झोपा आणि वरून खाली एकेक सांधा पाहत या. रॉड फिरला पण पिनियन फिरला नाही, तर जिथं रॉड पिनियनच्या दात्यांवर बसतो तो क्लॅम्प ढिला. पिनियन फिरला पण रॅक सरकला नाही, तर रॅकचे दाते घासले किंवा त्याच्या पोटातलं स्प्रिंग-पॅड गेलं, तिथं शिम (पातळ चकत्या) असतात. रॅक सरकला पण टायरॉड (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी) थांबूनच हलला, तर रॅकच्या टोकाचा बॉल. टायरॉड हलला आणि चाकाचा आर्म नाही, तर टायरॉड एंड. बोट ठेवून पाहा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळते. आवाजावर भरवसा ठेवू नका, आवाज पाइपातून वर चढते आणि सगळा कटकट कानाजवळच वाटते.

यानंतर पुढून जॅक लावा आणि पुढच्या टायरच्या चाकाला वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. वर-खाली हललं तर व्हील बेअरिंग नाहीतर ट्रनियन (चाक ज्यावर वळते तो सांधा), त्याचा कॉलमशी संबंध नाही. हे करून इथं सांगा, मग बुशाचं (दांडी ज्यात फिरते ती कडी) बोलू. कलकत्त्यावाल्याला आजच पैसे धाडू नका. तिकडून येणारा कॉलम पण पन्नास वर्षं चाललेलाच आहे, त्याचे बुश काही कुमारिका नाहीत.

चार_आणे_कम
शेवटचं वाक्य लेथवर कातून भिंतीवर लावतो.

शनिवारातला
नमस्कार. मी पुण्याहून लिहितोय, आमच्या ग्रुपमध्ये सहा-सात अँबेसिडर आहेत. माझं मत थोडं वेगळं आहे. इतकी मेहनत जुन्या बुशांवर घालवण्यापेक्षा एखाद्या छोट्या हॅचबॅकचा इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा कॉलम बसवून टाका. भंगारात मिळतो. पार्किंगला चाक एका बोटावर फिरतं आणि मुख्य म्हणजे तो कोलॅप्सिबल (धडकेत दबणारा) असतो. तुमच्या गाडीचा कॉलम म्हणजे एक सरळ लोखंडी दांडा आहे जो समोरून धडक बसली तर थेट छातीवर येतो. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून दबणारे कॉलम द्यायला सुरुवात केली, अमेरिकेत १९६८ पासून कायदाच झाला. आपल्याकडे मार्क टू त्या वेळी ठोकळ्यासारखीच बनत होती. भावनेपेक्षा बरगड्या महत्त्वाच्या.

पऱ्हाटीवाला
@शनिवारातला बरगड्यांचं पटलं, खरंच आधी विचार नव्हता केला. पण मग हँड गियर कुठं जाईल? पाइपालाच तर बांधलेला आहे.

शनिवारातला
फ्लोअर शिफ्ट करून घ्यायचा. इसुझू इंजिनवाल्या नंतरच्या गाड्यांना खालीच गियर होता.

वर्धेकरीण
नको नको नको. हँड गियर काढला तर ती अँबेसिडर राहिली कुठं? माझे बाबा पंचायत समितीत ड्रायव्हर होते, चोवीस वर्षं हँड गियरची चालवली. समोर बाकासारखी अख्खी सीट, मधे गियरची दांडी नाही म्हणून समोर तिघं बसायचे, बीडीओ साहेब, बाबा आणि मधात मी, शाळेला सोडायला. (साहेबांची परवानगी होती, उगाच कोणी तक्रार नका करू आता.) बाबांची एक सवय होती, गियर बदलताना दांडी कधी झटक्यानं ओढायचे नाहीत, न्यूट्रलमध्ये अर्धा श्वास थांबायचे आणि मग टाकायचे. म्हणायचे, दांडीला ओढणारे ड्रायव्हर बुश खातात.

जंगल_जीप (चंद्रपूर)
का जी ताई, अर्धा श्वास म्हणजे किती सेकंद. आमच्या सीजे थ्री बी जीपला तर दोन श्वास लागतेत.

धागा अँबेसिडरचा आहे पण सांगून टाकतो, कारण स्टेरिंगचं दुखणं मी बी पाच महिने भोगलो. जीपला बॉक्स आहे, रॉसचा, आतमध्ये रॉडच्या टोकाला खोल खोबणीचा कॅम आणि त्यात लिव्हरच्या दोन खुंट्या चालतेत. ढिल आली की सगळे मेकॅनिक साइडच्या झाकणावरचा स्क्रू पिळतेत. आमच्या गावच्यानं बी तेच केलं, चाकं पूर्ण वळवलेली असताना पिळला. कॅम मधात उंच ठेवलेला असते, म्हणजे सरळ चालताना ढिल कमी राहावी म्हणून. टोकाला नेऊन स्क्रू टाइट केला तर मधात येऊन जाम होते. तसाच झाला. मोहर्लीच्या रस्त्यावर वळण संपलं, चाक काही परत सरळ येईना जी, दोन्ही हातांनी ओढून आणलं, समोर नीलगाय उभी. त्या दिवशी देव आठवला.

खरं दुखणं बॉक्समध्ये नव्हतंच. समोर मधोमध जो बेलक्रँक असते त्याच्या पिनेवर बेअरिंगच्या सुया उरल्या नव्हत्या, नुसता लाल गंज. तो किट टाकला, ड्रॅग लिंकच्या स्प्रिंगा टाकल्या, आणि मग बॉक्सचं ॲडजस्टमेंट चाकं सरळ ठेवून केलं. आता जीप जीपसारखी चालते, म्हणजे तरी बी वाकडीच, पण माझ्या मर्जीनं वाकडी.

तेल टाकणाऱ्यांसाठी: बॉक्समध्ये चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरू नका, कॅम त्यात नाली पाडते आणि मग सुकाच फिरते. गियर तेल टाका, गळत असेल तर सील बदला.

गियरतेल_९०
म्हणजे मी अर्धा बरोबर होतो.

लेथवाला_मुर्तिजापूर
जीपच्या धाग्यावर पूर्ण बरोबर होतात.

जुना_ड्रायव्हर
सगळे वेल्डिंगला घाबरून राहिले. माह्या बापाच्या ट्रकला खाली टाका मारला होता, वीस वर्षं चालला, कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत. काही झालं नाही. तुमाले इंटरनेटनं भित्रं करून टाकलं.

लेथवाला_मुर्तिजापूर
काका, तुमच्या वडिलांना काही झालं नाही याचा आनंदच आहे. पण तुम्हाला कसं कळणार किती लोकांना झालं, त्यांतले काही इथं लिहायला येत नाहीत.

पिनियनच्या दांडीचं लोखंड कडक केलेलं असते. त्याच्यावर आर्क मारला की टाक्याच्या शेजारची जागा अजून कडक आणि ठिसूळ होते, बाहेरून सुंदर दिसते, आत बारीक चीर. ती चीर रोज थोडी थोडी वाढते आणि एक दिवस वळणावर चाक हातात येते. ब्रेक फेल झाला तर हँडब्रेक आहे, गियर आहे, बांध आहे. स्टेरिंग सुटलं तर काय आहे? आणि समजा तुटलं नाही, तरी पुढच्या वेळी रॅक काढायचा म्हटलं तर कापावं लागते. मी लेथवर वीस-बावीस वर्षं आहे, स्टेरिंगच्या दांडीवर वेल्डिंग करायला आलेलं गिऱ्हाइक परत पाठवतो. दोघं भांडून गेले, एकानं तर वडिलांपर्यंत पोचवलं.

जुना_ड्रायव्हर
बरं बापा. पण ट्रकचा तो टाका खरंच लय सुंदर होता.

पऱ्हाटीवाला
राजेहो, लेथवाल्या भाऊंनी सांगितलं तसं केलं. पुतण्याला सीटवर बसवला (त्यानं दर दोन मिनिटांनी घुर्र घुर्र तोंडानं गाडी चालवली), मी बॅटरी घेऊन खाली. पाठ भाजून निघाली, आमच्याकडं जमीन संध्याकाळी सहाला पण तव्यासारखी असते. निकाल असा:

चाक वर-खाली हलते ते वरच्या बुशामुळं. चाक काढून पाहिलं तर वरचा बुश नावाचा प्रकारच नव्हता. कोणीतरी डालड्याच्या डब्याचा पत्रा गुंडाळून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली होती. ट्यूबचं डांबर झालं होतं. त्याच्या खाली जुन्या नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) काळा गोळा निघाला, तो बहुतेक कंपनीचा.

चार बोटं ढिल होती त्यातली अर्ध्याच्या वर खालच्या क्लॅम्पवर. रॉड फिरतो, पिनियन थांबून फिरतो. म्हणजे टाका मारणारा मिस्त्री जागा बरोबर दाखवत होता, इलाज चुकीचा सांगत होता. उरलेली ढिल डाव्या टायरॉड एंडला. रॅक मात्र ठीक वाटला, बूट फाटलेले, आत कापसाचं तंतू आणि माती, पण सरकते चांगला.

क्लॅम्पचा बोल्ट काढला तर तो ८ मिमीचा, ट्रॅक्टरच्या दुकानातला वाटते, आणि त्याचे आटे अर्धे गेलेले. दाते थोडे चमकतात, पण तुटलेले नाहीत. गियरचं अजून पाहिलं नाही.

शनिवारातला
चाक कसं काढलं? पुलर होता का?

पऱ्हाटीवाला
पुलर नव्हता. दोन दिवस डिझेल-रॉकेल सोडलं, नट दोन आट्यांवर ठेवला, गुडघ्यांनी वर रेटलं आणि भावानं रॉडच्या टोकावर लाकूड ठेवून... लिहू का नको.

लेथवाला_मुर्तिजापूर
लिहू नका, मी समजलो. हातोडीचा फटका रॉडवरून सरळ पिनियनवर जाते आणि रॅकच्या दात्यांना लागते. पुढच्या वेळी बेअरिंगचा पुलर उसना आणा, कोणत्याही मोटर वाइंडिंगवाल्याकडं मिळते. नट दोन आट्यांवर ठेवला ते मात्र एकदम बरोबर, नाहीतर चाक सुटून दात घरी गेले असते. खूण केली होती ना चाकावर आणि रॉडवर?

पऱ्हाटीवाला
आईच्या नेलपॉलिशनं.

लेथवाला_मुर्तिजापूर
चला. आता एकेक.

क्लॅम्प. तुमची गाडी इंची आट्याची आहे. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून ८ चा बोल्ट दोन-तीन आटे घुसते आणि माणसाला वाटते बसला. पण ५/१६ यूएनएफला (बारीक इंची आटा) इंचाला २४ आटे, ८ मिमीच्या साध्या बोल्टचा आटा सव्वा मिमीचा, दोघांचं जमत नाही, एक दुसऱ्याला खाऊन टाकते. मूळ मापाचा हाय टेन्साइल बोल्ट आणा. बोल्टाचा आटे नसलेला गुळगुळीत भाग क्लॅम्पच्या आरपार आणि दांडीच्या खोबणीतून गेला पायजे, आटे तिथं आले तर ते करवतीसारखं काम करतात. स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट. दात्यांवर ग्रीस-घाण ठेवू नका, पितळी ब्रशनं साफ करा, मग नवा बोल्ट टाइट करून परत तीच बोटाची परीक्षा करा. तरी हलला तर दाते गेले, मग पिनियनसकट रॅक शोधावा लागेल. दाते आहेत का गेले हे जुन्या बोल्टवर ठरवू नका.

वरचा बुश. तीन रस्ते आहेत. नमदा, नायलॉन, गनमेटल. गनमेटल आवाज करते आणि पाइप थोडा जरी वाकडा असेल तर चाक जड होते, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. नायलॉन चालते पण पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, म्हणून जागा सोडावी लागते, डेलरिन (कमी ओल पिणारं प्लास्टिक) मिळालं तर ते बरं. आणि मी विचाराल तर नमदाच. कंपनीनं उगीच नाही टाकला. रॉडचा घासलेला भाग एमरीनं साफ करा, मापून घ्या, आणि नमदा तेलात भिजवून घट्ट बसवा, त्यात थोडं ग्राफाइट चोळा.

झाडाखालचा_मेकॅनिक
नमदा भेटला नाही तर घोंगडीची पट्टी चालते का? घरी आजोबाची पडून आहे.

लेथवाला_मुर्तिजापूर
घोंगडी विणलेली असते, कापली की धागे सुटतात आणि आठ दिवसांत रॉडभोवती पागोटं बांधल्या जाते. नमदा म्हणजे दाबून केलेली लोकर, त्याला ताणा-बाणा नाही. ट्रकच्या हबचे सील विकणाऱ्याकडं तुकडा भेटते, नागपूरला घाट रोडवर विचारा. आजोबाची घोंगडी थंडीसाठी ठेवा.

शनिवारातला
नमदा उन्हाळ्यात तेल सोडणार नाही का? तुमच्याकडे ४६ डिग्री.

लेथवाला_मुर्तिजापूर
सोडणार ना. भिजवून रात्रभर जाळीवर ठेवायचा, निथळू द्यायचा, मगच बसवायचा. घाई केली तर पॅन्टीवर नक्षी.

वर्धेकरीण
बाबांच्या खाकी पॅन्टीवर डाव्या मांडीला नेहमी एक डाग असायचा. आई वर्षानुवर्षं म्हणायची चहा सांडता का रोज तिथंच. आज कळलं राजेहो. फोन करते त्यांना.

तर्री_पोहे
एका नमद्यानं संसार वाचवला.

शनिवारातला
मी माझा मुद्दा सोडत नाहीये बरं का, दबणारा कॉलम चांगलाच. पण पऱ्हाटीवाले ती वर्षातून चार वेळा चाळीसच्या स्पीडने चालवणार असतील तर मूळ ठेवण्यात अर्थ आहे हे मान्य. आणि एक गोष्ट, १९६९ म्हणजे पन्नास वर्षं झाली, २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. नवीन नोंदणीला २०,००० फी, नंतर नूतनीकरणाला ५,०००, दहा वर्षांसाठी, आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, आणि रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर.

पऱ्हाटीवाला
पोळा प्रदर्शनात धरतात का?

जंगल_जीप (चंद्रपूर)
बैलांचं प्रदर्शनच असते ना जी ते. तुम्ही दुसऱ्या रांगेत उभे राहा.

जुना_ड्रायव्हर
बैलाले बी व्हीए नंबर द्या. आमचा सर्जा व्हिंटेजच हाय.

लेथवाला_मुर्तिजापूर
विषयावर या. पऱ्हाटीवाले, गियरचं पाहिलं का? हँड गियरची लांब दांडी पाइपाच्या बाजूनं खाली जाते, वर एक बुश, खाली एक, मग आर्म, मग गियरबॉक्सपर्यंत रॉड आणि त्याचे सांधे. एकेका सांध्यात केसाएवढी ढिल असली तरी वरपर्यंत येता येता ती बोटाएवढी होते. मिस्त्री गियरबॉक्स खोलायला सांगतील, आधी हे सांधे पाहा.

पऱ्हाटीवाला
काल पाहिलं. खालच्या आर्मची पिन अंडाकृती झाली होती आणि एका सांध्यात पिन नव्हतीच, तार बांधली होती. बहुतेक आबाजींच्या काळातली, कारण वळण त्यांच्या हातचं आहे, ते कुंपणाची तार तशीच पिळायचे, शेवटचं टोक आत दुमडून, कोणाला लागू नये म्हणून. खरं सांगू का, ती काढताना पाच मिनिटं पाना हातातच राहिला.

वर्धेकरीण
तार ठेवून द्या भाऊ. फेकू नका.

पऱ्हाटीवाला
ठेवली ताई. डॅशबोर्डच्या कप्प्यात.

चार_आणे_कम
मी आज काही बोलत नाही.

पऱ्हाटीवाला
धागा वर आणतो, काम झालं. हिशोब लिहितो म्हणजे कोणाच्या कामी येईल. नमदा घाट रोडवरून भेटला, ऐंशी रुपये, त्यात अजून दोन गाड्यांचं होईल. क्लॅम्पचा इंची बोल्ट तीन दुकानं फिरून चौथ्यात भेटला, दुकानदारानं आधी मला वेड्यात काढलं मग स्वतः जुन्या डब्यातून शोधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. नवा बोल्ट टाइट केल्यावर खालची ढिल गेली, दाते वाचले. टायरॉड एंड दोन्ही बाजूचे टाकले, रॅकचे बूट दोन, गियरच्या आर्मची पिन आणि दोन बुश गावच्या लेथवर कातून घेतले. टायरॉड एंड बदलल्यावर यवतमाळला अलाइनमेंट करून आणलं. सगळं मिळून अठ्ठावीसशेच्या आसपास. कलकत्त्याचं पार्सल मागवलंच नाही. पहिला गियर आता एका बोटानं लागते, वर्धेकरीण ताईंच्या बाबांसारखा अर्धा श्वास घेऊन.

लेथवाल्या भाऊ, मुर्तिजापूरला येऊन तुम्हाला भेटायचं आहे. शकुंतला (आमची यवतमाळ-मुर्तिजापूरची छोटी रेल्वे) चालू असती तर तिनंच आलो असतो, आता अँबेसिडरनं येतो.

एकच गोष्ट राहिली. पोळ्याच्या दिवशी गाडी काढली, आई समोर, पुतण्या मधात, देवळाच्या चौकात डावीकडं वळवली आणि हॉर्न वाजायला लागला. मी दाबलाच नव्हता. सरळ केलं की बंद, डावीकडं वळलं की चालू. तोरणाखाली सगळे बैल उभे, सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं पाहिलं. बैलांनी पण आणि माणसांनी पण.

चार_आणे_कम
अँबेसिडरमध्ये हॉर्न सोडून सगळं वाजते म्हणतात. तुम्ही उलटं करून दाखवलं. स्टेरिंग वाजायचं थांबलं आणि हॉर्न चालू.

लेथवाला_मुर्तिजापूर
हॉर्नची वायर कॉलमच्या आतून जाते. चाक बसवताना तिचं कातडं सोललं, डावीकडं फिरलं की उघडी तार रॉडला टेकते, अर्थ भेटला की हॉर्न वाजणारच. बॅटरीची वायर काढा, चाक परत उचला, नवी वायर ओढा आणि त्याच्यावर स्लीव्ह घाला. या वेळी पुलरनं.

जुना_ड्रायव्हर
आन् तोवर उजवीकडूनच वळा.